दोन टक्के, फोनवर

[दृश्य: पूर्व लंडन, हॅकनी. नव्या इमारतीच्या अंधाऱ्या खिडक्या.]

जानेवारी 2008. बिल्डरचे 14 फ्लॅट, त्यातले 7 पडून. 29 तारखेला त्याचं एका इस्टेट एजंटाशी फोनवर बोलणं झालं. एजंटाने आपली दलाली सांगितली: 2 टक्के, व्हॅट वेगळा. कागद झाला नाही.

एजंटाने गिऱ्हाईक आणलं, एक ना-नफा गृहनिर्माण संस्था. उरलेले फ्लॅट तिने 21 लाख पौंडांना घेतले. सौदा ठरल्यावर एजंटाच्या लेखी अटी ईमेलने पोचल्या, आणि बिल्डरने पैसे द्यायला नकार दिला.

खटल्यात बिल्डरचं म्हणणं होतं की दलालीचा विषयच निघाला नव्हता. न्यायाधीशांनी दोघांच्या साक्षी ऐकल्या आणि 2 टक्क्यांचं बोलणं झालं, असा निष्कर्ष काढला. हा निष्कर्ष पुढे अपिलातही पाया म्हणून टिकला. तोंडी कराराचा दावा इथेच जिंकला किंवा हरला जातो. वरच्या न्यायालयात साक्षीदार पुन्हा उभा राहत नाही.

अपिलात वाद उरला तो न बोललेल्या गोष्टीचा. दलाली देय कधी? गिऱ्हाईक दाखवल्यावर, करारावर सह्या झाल्यावर, की पैसे हातात आल्यावर? फोनवर ते ठरलंच नव्हतं. 2016 मध्ये अपील न्यायालयाने दोन विरुद्ध एक मतांनी बिल्डरचा पक्ष धरला: अर्धवट बोलणीत न्यायालय अट घालून त्यांचा करार बनवू शकत नाही.

13 फेब्रुवारी 2019 रोजी ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने हे उलटवलं. तिथले न्यायाधीश लॉर्ड किचिन यांचा युक्तिवाद साधा आणि भक्कम आहे. फ्लॅट विकायला मदत करणाऱ्या एजंटाला 2 टक्के कबूल केले, तर त्याचा समंजस अर्थ एकच: त्याने आणलेल्या गिऱ्हाइकाशी विक्री पूर्ण झाली की, आलेल्या रकमेतून दलाली द्यायची. गरज पडली असती तर तशी अट गृहीतही धरता आली असती, असं ते म्हणाले.

[दृश्य: आकडे पडद्यावर.]

21 लाखांचे 2 टक्के म्हणजे 42,000 पौंड. त्यावर तेव्हाचा 17.5 टक्के व्हॅट, एकूण 49,350. एजंटाला मिळाले 32,900. इंग्लंडच्या 1979 च्या इस्टेट एजंट कायद्याच्या कलम 18 नुसार दलालीच्या अटी करारापूर्वी लेखी द्याव्या लागतात. त्या उशिरा दिल्या म्हणून खालच्या न्यायालयाने एक तृतीयांश रक्कम कापली होती आणि ती कपात वरपर्यंत कायम राहिली. चूक असूनही दावा सरसकट बुडत नाही. ग्राहकाचं नुकसान आणि एजंटाचा दोष किती, हे न्यायालय पाहतं. ही तरतूद आम्हाला न्याय्य वाटते.

भारतात हा निकाल बंधनकारक नाही, फार तर मार्गदर्शक. इथे करार कायदा 1872 चं कलम 29 अनिश्चित अर्थाचा करार शून्य ठरवतं, म्हणून युक्तिवाद त्याच वळणावर येतो. मात्र एजंटाने आधी आपली रेरा, म्हणजे स्थावर मालमत्ता नियमन कायद्याखालची, नोंदणी तपासावी. नोंदणीकृत प्रकल्पातली घरं नोंदणीशिवाय विकून देण्यास त्या कायद्याचं कलम 9 एजंटाला मनाई करतं, आणि मग दलालीचा दावा सुरुवातीलाच अडतो. व्हॉट्सअ‍ॅप संदेश पुराव्यात द्यायचे तर भारतीय साक्ष्य अधिनियम 2023 च्या कलम 63 चं प्रमाणपत्र सोबत लागतं.

[दृश्य: मोबाईलवर टाईप होणारा निरोप.]

फोन ठेवताच पाठवायचा मजकूर दोन ओळींचा आहे: "ठरल्याप्रमाणे विक्री किमतीवर 2 टक्के, कर वेगळा. मी आणलेल्या गिऱ्हाइकाशी खरेदीखत झालं की देय."