केबल तोडण्यापूर्वी

(फोंडा येथे दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

अध्यक्ष महोदय आणि मित्रहो,

घरातली केबल किंवा छपरावरची डिश काढून टाकून सगळे इंटरनेटवरूनच पाहावे का, हा प्रश्न आज गोव्यातल्या अनेक घरांत निघतो. ‘कोणते पॅकेज स्वस्त’ या टोकाने त्याचे उत्तर शोधायला घेतले की गोंधळ होतो, असे माझे स्पष्ट मत आहे. घडते त्याच क्षणी पाहायला हवे असे आपल्या घरात काय आहे, हे आधी ठरवावे. मालिका रात्री पाहिली काय किंवा दुसऱ्या दिवशी दुपारी पाहिली काय, तिचे काही बिघडत नाही. फातोर्ड्याच्या स्टेडियममधला सामना, निवडणुकीची मतमोजणी आणि संध्याकाळच्या स्थानिक बातम्या मात्र शिळ्या होतात. थेट प्रक्षेपणासाठी जे पैसे मोजायचे ते एवढ्यासाठीच, आणि ही यादी कागदावर उतरवली तर बहुधा वाटते त्यापेक्षा लहान निघते.

अमेरिकेतली मुले-नातवंडे फोनवर यूट्यूब टीव्हीचे नाव सुचवतात. तिथे केबलसारखाच वाहिन्यांचा संच इंटरनेटवरून देणाऱ्या सेवा आहेत. त्यांतली स्लिंग टीव्ही २०१५ मध्ये महिना २० डॉलरला आणि यूट्यूब टीव्ही २०१७ मध्ये ३५ डॉलरला सुरू झाली. या दुसरीचा दर जानेवारी २०२५ पासून ८२.९९ डॉलर झाला. ती भारतात मिळत नाही, आणि आपल्याकडची रचनाही निराळी आहे. इथे प्रत्येक प्रसारक आपल्या वाहिन्या आपल्याच अॅपवर ठेवतो: स्टार प्रवाह आणि कलर्स मराठी जिओहॉटस्टारवर, झी मराठी झी फाइव्हवर, सोनी मराठी सोनी लिव्हवर. चार मराठी वाहिन्यांसाठी तीन अॅप झाली, आणि प्रत्येकाबरोबर आपण न मागितलेले पुष्कळ काही येते.

याउलट केबल आणि डीटीएचवर, म्हणजे छपरावरच्या डिशवर, ट्राय या दूरसंचार नियामकाच्या १ फेब्रुवारी २०१९ पासून अमलात आलेल्या नियमांनुसार, प्रत्येक सशुल्क वाहिनीचा दर जाहीर असतो आणि हवी ती वाहिनी एकटी घेता येते. ही सोय आपण फारच कमी वापरतो, याचे मला वाईट वाटते. केबलवाल्याने लावून दिलेला वाहिन्यांचा संच वर्षानुवर्षे तसाच चालू राहतो आणि मग बिल जड वाटते म्हणून जोडणीच तोडली जाते. वाहिन्यांच्या दराखेरीज जोडणीसाठी द्याव्या लागणाऱ्या नेटवर्क शुल्कावरची कमाल मर्यादा ट्रायने २०२४ मध्ये उठवली असल्यामुळे ते शुल्क किती, हे मात्र आधी विचारून घ्यावे. ज्या घरात दोन-तीन वाहिन्याच पाहिल्या जातात, तिथे संच छाटणे हे जोडणी तोडण्यापेक्षा स्वस्त पडू शकते.

खेळाचा विषय सविस्तर सांगायला हवा, कारण गोवेकर माणूस फुटबॉलसाठीच थेट प्रक्षेपण शोधतो. प्रक्षेपणाचे हक्क एका ठिकाणी टिकत नाहीत. २०१८ चा विश्वचषक सोनीकडे होता, २०२२ चा व्हायकॉम १८ कडे गेला आणि जिओसिनेमावर फुकट दिसला. आयपीएलही २०२३ मध्ये तिथे विनामूल्य होती. फेब्रुवारी २०२५ मध्ये जिओसिनेमा आणि डिस्नी प्लस हॉटस्टार एकत्र होऊन जिओहॉटस्टार झाल्यावर आयपीएलसाठी वर्गणी लागू झाली. एफसी गोवा ऑक्टोबर २०२५ मध्ये फातोर्ड्यात सौदी अरेबियाच्या अल नस्रविरुद्ध खेळली, तो सामना फॅनकोड या वेगळ्याच अॅपवर होता. म्हणून खेळासाठी वर्षाची वर्गणी एकदम भरू नये. स्पर्धेपुरती, शक्य असेल तर सामन्यापुरतीच घ्यावी. शिवाय अॅपवरचे चित्र डिशवरच्या चित्रापेक्षा कित्येक सेकंद मागे असते, कारण ते तुकड्यांत बांधून, थोडे साठवून मग दाखवले जाते. शेजाऱ्याच्या घरी गोलचा जल्लोष झाल्यावर आपल्या पडद्यावर चेंडू अजून मध्यरेषेवर असतो. ज्याला हे सोसत नाही, त्याने डिश काढू नये.

राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचे प्रक्षेपण २००७ च्या कायद्यानुसार दूरदर्शन चालवणाऱ्या प्रसार भारतीला द्यावे लागते, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ च्या निकालानंतर ते केबलवरच्या दूरदर्शनवर नव्हे, तर फ्री डिश या दूरदर्शनच्या मोफत डिश सेवेवर आणि दूरदर्शनच्या अँटेनावरच्या, जमिनीवरील प्रक्षेपणातच दिसते. २००४ पासून चालू असलेल्या या फ्री डिशला मासिक शुल्क नाही; डिश आणि बॉक्स यांचा एकदाच खर्च येतो. सत्तरी किंवा काणकोणच्या आतल्या गावांत, पावसाळ्यात माड कोसळून तारा तुटल्या आणि ब्रॉडबँड बंद पडले, तरी वीज असेल तर ती चालते. जोराच्या सरीत चित्र थांबते खरे, पण सर ओसरली की परत येते. इंटरनेटवर जाणाऱ्या प्रत्येक घराने ही एक सोय जवळ ठेवावी, असे मी आग्रहाने सांगतो. प्रसार भारतीचे वेव्हज हे अॅप नोव्हेंबर २०२४ मध्ये इथेच गोव्यात, इफ्फी या चित्रपट महोत्सवाच्या उद्घाटनात सुरू झाले. तेही चाचपून पाहावे.

मोबाइलच्या डेटावर टीव्ही चालवण्याचा विचार सोडून द्यावा. एचडी चित्राला तासाला सुमारे ३ जीबी लागतात. रोजचे २ जीबी एका सामन्यालाही पुरत नाहीत. वर्गणी मोबाइलपुरती आहे की टीव्हीवरही चालते आणि एका वेळी किती पडद्यांवर, हेही पाहावे.

घरातल्या वडीलधाऱ्यांचा विचार या हिशेबात राहून जातो. ज्या आजी रिमोटवर एक आकडा दाबून वाहिनी लावतात, त्यांना अॅप उघडणे, प्रोफाइल निवडणे आणि ओटीपी मागितला की मुलाची वाट पाहणे हे भोगायला लावू नये. दिवसभर टीव्हीची खरी सोबत त्यांनाच असते, म्हणून शेवटचा शब्दही त्यांचाच असावा. जोडणी बंद करण्यापूर्वी महिनाभर दोन्ही चालू ठेवा, तो महिना जुलैचा असेल तर उत्तम, आणि त्या काळात रिमोट त्यांच्या हाती राहू द्या.

शेवटी एक व्यवहाराची गोष्ट. वर्गणी भरताना आपोआप नूतनीकरणाची संमती दिली जाते. पैसे कापण्यापूर्वी किमान २४ तास सूचना यावी, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. ती सूचना वाचा, आणि स्पर्धा संपली असेल तर त्याच दिवशी यूपीआय अॅपमध्ये जाऊन ऑटोपे रद्द करा.