आधी चाल बघा, रंग मागाहून

नमस्कार मंडळी. मघाशी आत येताना एका मुलीने मला मोबाईलवरचा फोटो दाखवला. गोव्यातल्या रायबंदरच्या मिठागरातला, चिखलात उभा असलेला राखाडी-तपकिरी पक्षी. "सर, हा कोण?" मी उलट विचारलं, "तो काय करत होता?" तिला ते आठवेना. आज मी या एका प्रश्नाबद्दलच बोलणार आहे.

आपल्याकडे हे चिखलपक्षी येतात ते साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरपासून मार्च-एप्रिलपर्यंत. विणीचा झळाळता पिसारा तोवर बहुतेकांनी उतरवलेला असतो. पुस्तकातलं तांबूस छातीचं चित्र मनात धरून बांधावर उभे राहिलात, तर समोर नुसता मातकट थवा दिसेल.

चिखल्या, म्हणजे प्लोव्हर, पाहा. चार पावलं धावतो, थबकतो, टिपतो, पुन्हा धावतो. डोळे मोठे, चोच आखूड. तो भक्ष्य नजरेने हेरतो. तुतवारांच्या, म्हणजे सँडपायपरांच्या, कुळातले पुष्कळ पक्षी मात्र चालता चालता चिखलात चोच खुपसत राहतात. चोचीच्या टोकाला स्पर्श इतका बारीक कळतो, की आतला किडा न दिसताही सापडतो. एवढं लक्षात आलं की थव्याची निम्मी गुंतागुंत सुटते. साधा तुतवार तर दुरूनही ओळखू येतो: उभ्या जागी त्याचं बूड सारखं वरखाली हलतं, आणि पोटाचा पांढरा रंग पंखापुढून खांद्याकडे चढलेला असतो.

टिलवा, म्हणजे रेडशँक, याचे पाय नारिंगी-लाल. पण पाय पाण्यात असले, चिखलाने माखले, तर काय करणार? तेव्हा थांबायचं. हा मोठा सावध पक्षी, थोडी चाहूल लागली तरी ओरडत उठतो. उठला, की पंखांच्या मागच्या कडेला रुंद पांढरा पट्टा लखकन दिसतो. ग्रीनशँक, आपला हिरवा टिलवा, त्याच्या पंखांवर हा पट्टा नसतो. त्याच्या शेपटीकडून पाठीवर पांढरी पाचर चढत जाते, आणि उडताना बहुधा 'ट्यू-ट्यू-ट्यू' असे तीन सूर येतात. मुद्दाम मात्र कुणी उडवू नका. ओहोटीच्या थोड्या वेळात त्याला पोट भरायचं असतं.

बगळ्यांच्या बाबतीत मी स्वतः एक अख्खा हंगाम चुकीच्या नोंदी केल्या. पिवळी चोच म्हणजे मोठा बगळा, काळी म्हणजे छोटा, असं धरून चाललो होतो. विणीच्या काळात मोठ्या बगळ्याची चोच काळी होते, हे मला उशिरा कळलं. वहीची पानंच्या पानं खोडताना फार वाईट वाटलं. तेव्हापासून मी जबड्याची रेघ बघतो. मोठ्या बगळ्यात ती डोळ्याच्या मागेपर्यंत जाते, मध्यम बगळ्यात डोळ्याखालीच थांबते. छोट्या बगळ्याचे पाय काळे आणि बोटं पिवळी. चिखलातून पाय उचलेपर्यंत तेवढी वाट बघावी लागते.

गोड्या पाण्याची मंडळी निराळी. करमळीच्या तळ्यावर अडया, वारकरी, जांभळ्या पाणकोंबड्या, पानांवरून चालणारे कमळपक्षी. ते नवशिक्यालाही लवकर जमतात. कुडचड्याचं नंदा तळं तर 2022 साली गोव्यातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, ठरलं. जेमतेम 42 हेक्टरची जागा!

शेवटी मला काळजी वाटते ती खाजनांची, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या सखल जमिनींची. मानशी, म्हणजे पाणी आत-बाहेर सोडायची दारं, आणि बांध सांभाळले जातात तोवर तिथे उथळ पाणी आणि उघडा चिखल राहतो. बांध फुटून तसाच राहिला, की खारं पाणी शिरतं आणि हळूहळू खारफुटी दाट होते. खारफुटी मौल्यवान आहे, पण चिखल्याला आणि टिलव्याला मोकळी जागा लागते. बांध दुरुस्त करणारे शेतकरी आणि मिठागरात राबणारे हात हे या पक्ष्यांचे खरे आधार आहेत, असं मी मनापासून मानतो.

रविवारी पक्षी बघायला येणार असाल तर आधी भरती-ओहोटीचं कोष्टक बघा. नदीकाठचा चिखल भरतीत बुडाला, की थवे विसाव्याला मिठागरांच्या बांधांवर येतात. दुर्बीण नसली तरी चालेल, माझी आहे. वही मात्र आणा, आणि पक्ष्याचं नाव लिहिण्याआधी तो काय करत होता ते लिहा.