दारू आणि यकृतातलं ‘अ’ जीवनसत्त्व

श्रोतेहो, नमस्कार.

रोज पिणारा माणूस दिवेलागणीला उंबऱ्याशी अडखळला, की घरचे म्हणतात, “आला ढोसून!” बहुतेक वेळा ते खरंच असतं. पण कधी कधी त्याला अंधारात दिसतच नसतं. रातांधळेपणा म्हटला की आपल्याला लहान मुलं आणि त्यांना दर सहा महिन्यांनी पाजतात तो ‘अ’ जीवनसत्त्वाचा डोस आठवतो. मग पन्नाशीच्या माणसाला हा आजार कशानं? याचं उत्तर बरेचदा यकृतात सापडतं.

शरीरातलं बहुतेक ‘अ’ जीवनसत्त्व यकृतात साठतं, तेही चांदणीच्या आकाराच्या काही खास पेशींमध्ये, तेलाच्या बारीक थेंबांत. कुप्फर या जर्मन शास्त्रज्ञानं १८७६ मध्ये या पेशींचं वर्णन केलं. हेच ‘अ’चं कोठार, हे जपानच्या केंजिरो वाके यांनी १९७१ मध्ये दाखवलं. मध्ये जवळपास शंभर वर्षं गेली!

रोजची दारू जिरवायला यकृत एक एन्झाइम वाढवतं. ते दारूपाठोपाठ ‘अ’ जीवनसत्त्वाचाही फडशा पाडतं. काही साठा यकृतातून निघून दुसऱ्या अवयवांकडे जातो. आणि सततच्या दाहानं त्या चांदणीसारख्या पेशी बिथरतात. आपले तेलाचे थेंब गमावतात आणि वणाचे धागे तयार करू लागतात. यकृत कडक होतं ते या धाग्यांनी. म्हणजे कोठार रिकामं होणं आणि सिरॉसिसकडे, म्हणजे यकृत असं कडक होण्याच्या आजाराकडे वाटचाल, दोन्ही एकाच पेशीत घडतं.

न्यूयॉर्कच्या लीबर आणि लिओ यांनी १९८२ मध्ये पिणाऱ्यांच्या यकृताचे तुकडे तपासले. नुसती चरबी धरलेल्या यकृतातही ‘अ’ जीवनसत्त्व घटलेलं होतं, सिरॉसिसमध्ये तर फारच. रक्तातलं प्रमाण मात्र बऱ्याच जणांत ठीक होतं. त्यामुळे रक्ताचा रिपोर्ट चांगला आला म्हणून निर्धास्त होऊ नका.

आता तुम्ही म्हणाल, मग गोळ्या द्याव्यात. इथंच घोटाळा होतो. जास्त ‘अ’ जीवनसत्त्व स्वतःच यकृताला विषारी असतं, आणि दारू चालू असताना ते विष आणखी बाधतं. एरवी पचेल तो डोस अशा माणसाला बाधू शकतो. गाजरातल्या बीटा-कॅरोटीनपासून शरीर ‘अ’ जीवनसत्त्व बनवतं, पण तेही गोळीतून घेणं निर्धोक नाही. फिनलंडमध्ये सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांना ते रोज २० मिलिग्रॅम दिलं. १९९४ मध्ये निकाल आला तेव्हा गोळी घेणाऱ्यांतच फुफ्फुसाचा कर्करोग जास्त निघाला, आणि जास्त पिणाऱ्यांत हा धोका अधिक दिसला. ताटातलं गाजर, पपई, शेवग्याचा पाला खुशाल खावा. भीती आहे ती मेडिकलमधून स्वतःच आणलेल्या बाटलीची.

आणखी एक गोष्ट. डोळ्यात ‘अ’ जीवनसत्त्व कामी लावायला जस्त लागतं, आणि पिणाऱ्यांचं जस्त लघवीवाटे जातं. काही रुग्णांचा रातांधळेपणा जस्त दिल्यावरच सुटला. कुणाला काय कमी पडतंय, हे डॉक्टरांना ठरवू द्या. त्यांना रोजचं पिणं किती, हे न लपवता सांगा. आणि वर्षानुवर्षं भरपूर पिणाऱ्यानं घरच्या घरी एका दिवसात बाटली बंद करू नये. हात थरथरतात, भास होतात, फिट येऊ शकते. दारू सोडायचीच, पण दवाखान्याच्या देखरेखीत.

नमस्कार.