आई आणि एकशे वीस वादक: दक्षिण यानची बारा वर्षं

(दृश्य: हिवाळ्यातली पीत नदी. काठावर गाड्यांची रांग.)

इ.स. 398 चा हिवाळा. पीत नदीच्या काठावर चाळीस हजार कुटुंबं खोळंबली आहेत. 27 हजार गाड्या, जनावरं, पोरंबाळं, जमेल तेवढा संसार. येचंग हे भरलं शहर मागे टाकून ही सगळी निघाली आहेत, कारण उत्तरेच्या वेई राज्याचं घोडदळ पाठीवर आहे. पलीकडे न्यायला आणलेल्या नावा वाऱ्यात बुडाल्या आणि लोकांचा धीर सुटत चालला.

त्या रात्री नदी गोठली. काफिला अंधारातच बर्फावरून पार झाला. पहाटे वेईचे स्वार काठावर पोचले, तर बर्फ फुटलेला. जुने चिनी इतिहासकार हे अगदी निःशंकपणे लिहितात. बर्फ इतका वेळेवर गोठतो आणि इतका वेळेवर फुटतो का, हे ज्याचं त्यानं ठरवावं. त्या घाटाचं नाव मात्र बदललं. लोक त्याला आकाशसेतूचा घाट म्हणू लागले.

काफिल्याच्या म्होरक्याचं नाव मुरोंग दे. वय साठीच्या पुढे. त्याच वर्षी ह्वाताई नावाच्या गावात त्यानं स्वतःला यानचा राजा म्हणवून घेतलं. इतिहासात या राज्याला दक्षिण यान म्हणतात. ते जेमतेम बारा वर्षं टिकलं.

(नकाशा: उत्तर चीन, चौथं शतक.)

मुरोंग हे शियानबेई जमातीतलं घराणं, मूळचं ईशान्येकडच्या गवताळ मुलखातलं. घोड्यावर वाढलेली माणसं. चौथ्या शतकात उत्तर चीनमधली जुनी सत्ता कोसळली आणि जो तो आपापलं राज्य मांडून बसला, तेव्हा या एकाच घराण्यानं यान नावाची चार राज्यं उभी केली. पहिलं 370 मध्ये फू च्यान या छिन सम्राटानं गिळलं. पुढे 383 मध्ये फेई नदीवर फू च्यानचाच फज्जा उडाला आणि देचा थोरला भाऊ मुरोंग च्वे यानं यानचा झेंडा पुन्हा उभारला. च्वे होता तोवर ठीक चाललं. 395 मध्ये त्याच्या मुलानं वेईविरुद्ध सगळी फौज गमावली, शरण आलेल्या हजारोंची कत्तल झाली, आणि पुढच्याच वर्षी च्वे वारला. त्यानंतरची धूळधाण आपण नदीकाठी पाहिलीच.

देकडे आलेल्या माणसांत एक वेगळा गट होता. ली फो नावाचा स्वरांचा जाणकार आणि त्याच्यासोबतचे दरबारी वादक. लढाईत या लोकांचा काय उपयोग, असं आपल्याला वाटेल. पण त्या काळच्या चीनमध्ये यज्ञ, राज्याभिषेक, नववर्षाचा दरबार, यांतलं काहीही ठरलेल्या संगीताशिवाय पुरं होत नसे. घंटांचे सूर आणि ते वाजवणारे हात ज्याच्याकडे, त्याचा सम्राटपदावरचा दावा खरा, असा समज होता. त्यामुळे राज्य बुडालं की जिंकणारा खजिन्याबरोबर वादकही घेऊन जाई. ही मंडळी अशीच छिनकडून एका यानकडे, तिथून दुसऱ्या यानकडे हिंडत आली होती. त्यांना लक्षात ठेवा.

ह्वाताई फार दिवस लाभलं नाही. 399 मध्ये दे एका बंडखोरावर चालून गेला असताना मागे राहिलेल्या अधिकाऱ्यानं शहर वेईच्या हवाली केलं. राजा आहे, फौज आहे, राजधानी नाही! सल्लागारांपैकी कुणी पंगचंग सुचवलं, कुणी पूर्वेचा चिंगझोउ प्रांत. ताई पर्वतावर सेंगलांग नावाचे एक बौद्ध भिक्षू राहत. देनं त्यांचा कौल मागितला आणि मग पूर्वेची वाट धरली. आजच्या शांडोंगमधली सुपीक जमीन, एका बाजूला समुद्र, दक्षिणेला डोंगर, लाखभर घरं. तिथल्या ग्वांगगू किल्ल्यात त्यानं राजधानी केली आणि 400 मध्ये सम्राटपद घेतलं.

मला हा म्हातारा आवडतो. सम्राट झाल्यावर त्यानं आपल्या नावात एक अक्षर वाढवून घेतलं. सम्राटाच्या नावातलं अक्षर प्रजेनं उच्चारायचं नाही, असा दंडक होता आणि ‘दे’ हे अक्षर तर रोजच्या बोलण्यातलं. जोडनाव घेतलं की लोकांची जीभ मोकळी. एकदा मेजवानीत त्यानं सरदारांना विचारलं, जुन्या राजांपैकी मी कुणासारखा? च्यू चोंग नावाच्या सरदारानं बुडालेली घराणी सावरणाऱ्या थोर सम्राटांची नावं घेतली. देनं फर्मावलं, याला रेशमाचे हजार तागे द्या. च्यू चोंग गडबडला, एवढं नको म्हणाला. त्यावर देचं उत्तर असं होतं: तू माझी थट्टा केलीस, मग मी तुझी करू नये? तुझं बोलणं पोकळ, म्हणून बक्षीसही पोकळ. तेवढ्यात हान फान नावाचा दुसरा दरबारी उठला आणि म्हणाला, सम्राटानं थट्टेतही खोटं बोलू नये. आज दोघेही चुकले. दे खूश झाला आणि हान फानला पन्नास तागे दिले. हे मात्र खरे.

राज्य चालवायला पैसा लागतो. बड्या घरांच्या आडोशाला लपून कर चुकवणारी कुटुंबं हुडकायची मोहीम निघाली, तेव्हा 58 हजार घरं सापडली. मिठागरांवर अधिकारी नेमले, लोखंडाच्या भट्ट्या लावल्या. फौजेची मोजदाद झाली, त्यात तीन लाख सत्तर हजार पायदळ आणि 53 हजार घोडेस्वार असे आकडे नोंदले आहेत. दरबारी आकडे फुगलेले असतात हे धरूनही ही सत्ता किरकोळ नव्हती.

इथे एक योगायोग सांगून टाकतो. दे पूर्वेकडे निघाला त्याच 399 साली चांगआनहून एक भिक्षू पश्चिमेकडे निघाला होता. शाळेच्या पुस्तकातला आपला फाहियान. तो भारत फिरला, पाटलिपुत्रात शिकला, सिंहलद्वीपात राहिला, आणि 412 मध्ये वादळानं भरकटलेल्या जहाजातून लाओशानच्या किनाऱ्याला लागला. हे कुठलं गाव, असं त्यानं भेटलेल्या शिकाऱ्यांना विचारलं. उत्तर आलं: चिंगझोउ, जिन सम्राटांचा, म्हणजे दक्षिणेतल्या चिनी राज्याचा, मुलूख. म्हणजे फाहियान परतेपर्यंत या मुलखात एक सम्राटपद येऊन गेलंही होतं.

(दृश्य: सोन्याच्या मुठीची सुरी, जवळून.)

देचं एक दुखणं होतं. वारस नव्हता. तरुणपणी तो फू च्यानच्या चाकरीत पश्चिमेला चांगयेमध्ये होता. 383 च्या मोहिमेवर निघताना त्यानं आईपाशी एक सोन्याची सुरी ठेवली. वर्षभरात च्वेनं बंड केलं आणि त्याची शिक्षा मागे राहिलेल्यांना मिळाली. देची मुलं मारली गेली, भाऊ मारला गेला. म्हाताऱ्या आईला वयाकडे बघून सोडलं. भावाची बायको गरोदर होती, म्हणून तिचा मृत्यू बाळंतपणापर्यंत लांबवला. तुरुंगाचा रखवालदार हूयान पिंग. याचा जीव देनं पूर्वी वाचवला होता. त्यानं सासू-सुनेला बाहेर काढलं आणि छ्यांग जमातीच्या मुलखात नेलं. तिथे जन्मलेला मुलगा मुरोंग चाओ.

चाओ दहा वर्षांचा असताना आजी वारली. जाताना सुरी त्याच्या हाती दिली, काकाला पोचव म्हणाली. पुढे कुटुंब फिरत फिरत चांगआनला आलं. तिथे याओ शिंग या छिन राजाचं राज्य. हे जुन्या छिनहून वेगळं, पण नाव तेच. हूयान पिंग वारला आणि चाओनं त्याच्या मुलीशी लग्न केलं. यानचा राजपुत्र म्हणून ओळखला गेलो तर ओलीस धरतील, या भीतीनं तो वेड्याचं सोंग घेऊन रस्त्यावर भीक मागू लागला. राजानं बोलावून प्रश्न विचारले, यानं असंबद्ध उत्तरं दिली. रूपवान कातड्याखाली मूर्ख हाडं नसतात ही म्हण खोटी निघाली, असं म्हणून राजानं त्याला सोडून दिलं.

देनं पाठवलेला माणूस भेटला तेव्हा चाओ निघाला. आईला सांगितलं नाही, बायकोलाही नाही. 405 मध्ये तो ग्वांगगूला पोचला आणि सुरी काकापुढे ठेवली. म्हातारा ढसाढसा रडला. त्याच वर्षी चाओ युवराज झाला आणि दे सत्तरीत वारला. त्या रात्री दहाहून अधिक शवपेट्या चारही वेशींतून बाहेर पडल्या. खरी कुठली आणि कुठल्या दरीत पुरली, ते कधीच कळलं नाही.

आता गादीवर विशीतला एक मुलगा. दरबार त्याला अनोळखी, तो दरबाराला. जुन्या सरदारांवर त्याचा भरवसा बसेना, म्हणून त्यानं गोंगसुन वूलोला जवळ केलं. जुने बिथरले, बंडं झाली, काही परराज्यात पळाले, एकाला रथांना बांधून फाडलं. चाओ शिकारीत रमला. अशा राजांचं नेहमी असंच होतं, त्यात फार थांबण्यासारखं नाही.

थांबण्यासारखी गोष्ट आईची आहे. ती आणि सून अजून चांगआनमध्येच होत्या. याओ शिंगनं अटी घातल्या: माझा मांडलिक हो, आणि ते दरबारी वादक दे. नाहीतर दक्षिणेच्या जिन राज्यातून हजार माणसं पकडून पाठव. दरबारात खडाजंगी झाली. त्वान ह्वेई म्हणाला, एका घरासाठी सम्राटपद खाली ठेवू नये. चाओनं ठेवलं. हान फान बोलणी करायला गेला, मागून एकशे वीस वादक चांगआनला रवाना झाले, आणि आई-बायको घरी आल्या. इतिहासकार याला दुबळेपणा म्हणतात. ज्या आईला न सांगता तो निघून आला होता, तिच्यासाठी त्यानं हे केलं. मला त्यात त्याला दोष देववत नाही.

दोष पुढचा आहे. 409 च्या नववर्षाचा दरबार भरला आणि संगीत अपुरं पडलं. चाओच्या मनाला ते लागलं. वादक हवेत, तर जिनच्या हद्दीतून माणसं पकडून आणू आणि शिकवू. हान च्वोनं विरोध केला, व्यर्थ. स्वारांनी सूयूवर धाड घातली आणि अडीच हजार तरुण-तरुणी पकडून संगीतशाळेत कोंबल्या. पाठोपाठ आणखी एक धाड.

ज्यानकांगमध्ये, म्हणजे आजच्या नानजिंगमध्ये, ल्यू यू नावाचा सेनापती होता. गरिबीतून वर आलेला, तलवारीच्या जोरावर जिन दरबाराचा धनी झालेला. त्याला मोठा विजय हवाच होता. चाओनं कारण घरपोच दिलं.

(नकाशा: ह्वाई नदी, स सरिता, ताश्यान खिंड, लिनच्यू, ग्वांगगू.)

ल्यू यू जहाजांनी ह्वाई आणि स नद्यांतून वर आला, जहाजं सोडून पायी निघाला आणि परतीच्या वाटेवर जागोजाग गढ्या बांधत गेला. ग्वांगगूच्या दक्षिणेला ताश्यानची खिंड. ज्या वूलोला सगळे नावं ठेवतात, त्यानंच इथे शहाणा सल्ला दिला: खिंड अडवा. नाहीतर निदान उभी पिकं कापून टाका, शत्रूला दाणा मिळू देऊ नका. सपाटीवर येऊ देऊन लढणं सर्वात वाईट. चाओनं नेमकं तेच निवडलं. पिकं आपली, मुलूख आपला, घोडे आपले. येऊ द्या, टापांखाली तुडवू. मुरोंग चन या सरदारानं विरोध केला, तर त्याला कोठडीत टाकलं.

ल्यू यू खिंडीतून पार झाला. समोर एकही शत्रू नाही, शेतात धान्य उभं. त्याला आनंद लपवता आला नाही. राज्य संगीतापायी बुडालं असं म्हणतात, पण मला वाटतं ते या खिंडीत बुडालं. धाडीनं युद्ध ओढवलं होतं. ते हरायलाच हवं असं काही नव्हतं.

लिनच्यूपाशी गाठ पडली. ल्यू यूकडे घोडे कमी. त्यानं चार हजार गाड्या फौजेच्या दोन्ही बाजूंना लावल्या, त्यांवर कापडाचे पडदे ताणले, गाडीवानांच्या हाती लांब भाले दिले, आणि ही चालती भिंत सावकाश पुढे सरकू लागली. शियानबेई स्वार तिच्यावर आदळत राहिले. दुपार उलटली तरी निकाल नाही. तेव्हा हू फान नावाच्या अधिकाऱ्यानं सुचवलं, यांची सगळी फौज मैदानात आहे, लिनच्यूचं गाव रिकामं असणार. एक तुकडी वळसा घालून गेली आणि आम्ही समुद्रमार्गे नव्यानं आलोय अशी आवई उठवून तिनं गाव घेतलं. चाओ घोड्यावर बसून पळाला. त्वान ह्वेईसह दहा-बारा सेनानी तिथेच पडले.

मग ग्वांगगूचा वेढा. भोवती तीन माणसं एकमेकांच्या खांद्यावर उभी राहतील त्याहून उंच तट आणि तीन पदरी खंदक. चाओनं मदत मागितली ती याओ शिंगकडेच. तो स्वतःच दुसऱ्या शत्रूकडून मार खात होता. त्यानं ल्यू यूला धमकी तेवढी पाठवली. ल्यू यूचं म्हणणं सोपं होतं: ज्याला खरंच यायचं असतं तो आधी निरोप धाडत नाही.

मदत मागायला गेलेला चांग कांग परतताना पकडला गेला. वेढ्याची यंत्रं बांधण्यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. ती तो आता ल्यू यूसाठी बांधू लागला. चाओनं त्याच्या आईला तटावर टांगून तिचे तुकडे केले. स्वतःच्या आईसाठी राज्य गहाण टाकणारा हाच माणूस.

आत अर्ध्याहून अधिक लोकांच्या पायांतलं बळ गेलं. रोज कुणी ना कुणी उतरून शरण येत होतं. हान फानही गेला. 410 च्या नववर्षाला चाओनं तटावरच दरबार भरवला, घोडे मारून शिपायांना जेवू घातलं, सगळ्यांना बढत्या दिल्या. महिनाभरात य्वे शौ नावाच्या अधिकाऱ्यानं आतून वेस उघडली.

पळताना पकडलेला चाओ ल्यू यूपुढे उभा राहिला आणि गप्प राहिला. जिनच्या गोटात ल्यू चिंगश्वान होता. तो संकटात असताना कधीकाळी दक्षिण यानच्या आसऱ्याला आलेला. त्याच्याकडे बघून चाओनं एवढंच मागितलं, माझ्या आईला सांभाळ. ल्यू यू अख्खं शहर पुरून टाकायला निघाला होता. हान फाननं अडवलं, ही मूळची तुमचीच प्रजा म्हणून. तरी तीन हजार सरदार-दरकदार मारले गेले, दहा हजारांवर लोक गुलाम झाले, तट जमीनदोस्त झाला. चाओला ज्यानकांगला नेऊन मारलं. वय पंचविशीच्या आसपास.

वादक तेवढे या सगळ्यातून सुटले. ते याओ शिंगच्या दरबारी होते. 417 मध्ये ल्यू यू चांगआनवरही चालून गेला, शहर घेतलं आणि ती मंडळी गोळा करून दक्षिणेला नेली. तीन वर्षांनी जिनच्या शेवटच्या सम्राटाला बाजूला सारून तो स्वतः गादीवर बसला.