पन्नासांचा पैसा, तीनशेंचा संकल्प

श्रोतेहो, सादर नमस्कार.

पुण्याहून दौंडकडे जाणारी गाडी उरुळी, यवत मागे टाकून केडगावला थांबते. नगरजवळचे केडगाव ते निराळे. हे दौंड तालुक्यातले, नारायण महाराजांच्या बेटाचे आणि पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनचे. आज या भागात उसाचे फड आहेत, गुऱ्हाळे आहेत, आणि पाऊस लांबला तरी कालव्याच्या आवर्तनाची वाट पाहता येते. रमाबाईंनी इथे जमीन घेतली तेव्हा या पठारावरच्या माणसाला आभाळाकडे पाहूनच वर्षाचा हिशोब मांडावा लागत होता. ‘भविष्य अनिश्चित असताना ईश्वरावर भरवसा’ हा विषय माझ्याकडे आला, तेव्हा सर्वसाधारण उपदेश करण्यापेक्षा या एका जागेची आणि एका बाईची हकीगत तुमच्यापुढे ठेवावी, असे मला वाटले. भरवसा हा शब्द तोंडाने उच्चारायला फार सोपा आहे. एखाद्याने तो कसा पाळला हे पाहिल्याशिवाय त्याचे वजन कळत नाही.

रमाबाईंचा जन्म 23 एप्रिल 1858 चा, सह्याद्रीच्या जंगलातल्या गंगामूळ या ठिकाणचा. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे पंडित होते, परंतु आपल्या पत्नीला संस्कृत शिकवण्याचा अपराध त्यांनी केला होता, आणि त्या काळी तो लहान अपराध नव्हता. पुढे हे कुटुंब तीर्थयात्रेला निघाले आणि पुराण सांगत, दक्षिणेवर गुजराण करत वर्षानुवर्षे फिरत राहिले. आई लक्ष्मीबाईंनी रमेला भागवत पाठ करून दिले. मग मद्रास इलाख्यात दुष्काळ आला. जवळचा पैसा संपला, भांडीकुंडी विकली, उपास झाले, अनुष्ठाने झाली, आणि शेवटी रानातली बोरे बियांसकट गिळायची वेळ आली. 1874 साली आधी वडील गेले आणि काही आठवड्यांतच आई गेली. आईच्या तिरडीला चौथा खांदेकरी मिळेना. तेव्हा सोळा वर्षांच्या रमेने चौथी बाजू उचलली, आणि उंची कमी असल्यामुळे तो भार तिने खांद्यावर न घेता डोक्यावर घेतला. श्रोतेहो, दुष्काळाची पुष्कळ वर्णने मी वाचली आहेत, पण ती तिरडी आणि खाली ते मुलीचे डोके, एवढे चित्र मनातून जात नाही.

पुढे थोरली बहीण गेली. उरलेले दोघे बहीणभाऊ हजारो मैल पायी चालत काश्मीरपर्यंत पोहोचले. झेलमच्या काठी थंडी सोसवेना, म्हणून वाळूत माणसाला पुरावे तसे दोन खड्डे करायचे, त्यांत आडवे व्हायचे आणि तोंड तेवढे उघडे ठेवून अंगावर वाळू ओढून घ्यायची, अशा रात्री त्यांनी काढल्या. 1878 साली ती दोघे कलकत्त्याला पोहोचली आणि तिथल्या विद्वानांनी या वीस वर्षांच्या मुलीला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. दैव फिरले असे वाटावे, तोच 1880 मध्ये भाऊ गेला. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी मेधावी या वकिलांशी विवाह केला. मुलगी झाली, तिचे नाव मनोरमा. आणि फेब्रुवारी 1882 मध्ये पटकीने पतीही गेले. वयाच्या चोविसाव्या वर्षी कडेवर एक तान्ही मुलगी आणि पाठीशी कोणीही नाही, अशा स्थितीत त्या पुण्यात आल्या.

आपल्या बालपणातल्या धर्माविषयी रमाबाईंनी पुढे कडवट शब्दांत लिहिले. देवांना संतुष्ट केले की धन येईल, अन्न येईल, अशा आशेने आपण हात जोडून बसलो आणि काहीच आले नाही, हा त्यांचा अनुभव होता. त्यांच्या दुःखापुढे वाद घालण्याचा मला अधिकार नाही. तरीही एक गोष्ट बोलून दाखवतो. मुलीला संस्कृत शिकवून तिचे काय होणार, हे अनंतशास्त्र्यांना ठाऊक नव्हते. जातगंगेचा रोष दिसत होता, फळ दिसत नव्हते. तरी त्यांनी आणि लक्ष्मीबाईंनी शिकवले, आणि सगळे वाहून गेल्यावर मुलीपाशी उरले ते तेवढेच. हाही एक भरवसाच होता, मुलीने त्याला ते नाव दिले नाही इतकेच.

1883 मध्ये इंग्लंडला असताना रमाबाईंनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्या धर्मांतराने महाराष्ट्रात जे वादळ उठले त्याच्या खुणा अजून पुसलेल्या नाहीत, आणि आज आपला तो विषयही नाही. तिथून त्या अमेरिकेला गेल्या. बोस्टनच्या मंडळींनी 1887 मध्ये एक मंडळ स्थापन करून दहा वर्षे पैसा पुरवण्याचे वचन दिले, आणि त्या आधारावर मार्च 1889 मध्ये मुंबईत विधवांसाठी शारदा सदन उघडले. पहिल्या विद्यार्थिनी गोदूबाई, म्हणजे पुढच्या आनंदीबाई कर्वे. सदन पुण्याला हलले. तिथे बायबलच्या वाचनाला मुली बसतात यावरून 1893 मध्ये गदारोळ झाला, रानडे आणि भांडारकर यांच्यासारख्यांनी सल्लागारपदाचे राजीनामे दिले आणि पालकांनी मुली काढून नेल्या.

दहा वर्षांचे वचन असले म्हणजे अकरावे वर्ष येणारच. रमाबाई ते कधी विसरल्या नाहीत. म्हणून त्यांनी केडगावला सुमारे शंभर एकर जमीन मिळवली, विहिरी खणल्या आणि फळझाडे लावली. परदेशचा पैसा थांबला तर बागेच्या उत्पन्नावर सदन चालावे, असा त्यांचा बेत होता. आपल्याकडे ‘असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी’ अशी म्हण आहे, आणि श्रद्धेची थट्टा करणारे ती हमखास काढतात. या बाईंना ती लागू करून पाहा. विहिरीसाठी खडक फोडणारी बाई खाटल्यावर बसलेली नाही, आणि तरीसुद्धा पाणी लागेलच असे लिहून द्यायला ती तयार नाही. या दोहोंच्या मधल्या जागेलाच मी श्रद्धा म्हणतो.

आणि मग 1896 चा दुष्काळ आला. मध्य प्रांतातून बातम्या येऊ लागल्या की लेकरे वाटेवर पडून आहेत आणि निराधार मुलींना चुकीच्या हातांनी उचलून नेले जात आहे. रमाबाईंना हे सारे नवे नव्हते. बावीस वर्षांपूर्वी त्या स्वतः त्यातून गेल्या होत्या. त्यांचा त्या वेळचा हिशोब त्यांच्याच शब्दांत उपलब्ध आहे, त्याचा आशय सांगतो. अमेरिकेतून येणारा पैसा जेमतेम पन्नास मुलींच्या अन्नाला आणि शिक्षणाला पुरतो; दुष्काळी मुलखातून तीनशे मुली वाचवाव्यात असे प्रभूने माझ्या मनात घातले आहे; त्याच्या नावाने मी कामाला लागते. पन्नासांचा पैसा आणि तीनशेंचा संकल्प. मधल्या अडीचशे मुलींची तरतूद कोणत्याही वहीत मांडलेली नव्हती.

कोणत्याही हिशोबनिसाने तो कागद परत केला असता, आणि त्याला दोष देता आला नसता. शुभवर्तमानात येशूने शिष्यांना सांगितले आहे की काय खावे, काय ल्यावे याची विवंचना करत बसू नका, आधी देवाचे राज्य मिळवण्यास झटा. हे वचन सुखवस्तू माणसाने भिंतीवर लावले तर त्याचा अर्थ फारसा बदलत नाही. पण जिच्या दारात उद्या तीनशे ताटे मांडायची आहेत तिने ते वाचले, तर त्यातला ‘आधी’ हा शब्द एकदम अवघड होतो. आधी पैसा, मग मुली, हा क्रम शहाणपणाचा आहे. रमाबाईंनी आधी मुली असा क्रम लावला, कारण पैसा येईपर्यंत त्या मुली जिवंत राहणार नव्हत्या.

याच सुमाराला पुण्यात प्लेग आला होता. दुष्काळातून आलेल्या मुलींना शहरात ठेवायला अधिकाऱ्यांनी मनाई केली. खपाटीला गेलेली पोटे, अंगावर फोड, केसांत उवा, अशा मुलींना घेऊन जायचे कुठे? तेव्हा केडगावची ती शेती उपयोगाला आली. फळे लागण्याआधीच झाडांच्या आजूबाजूला तात्पुरत्या झोपड्या उठल्या, आणि उत्पन्नासाठी घेतलेल्या जमिनीवर माणसांचीच वस्ती झाली. तिला नाव मिळाले ‘मुक्ती’. जी बाग अकराव्या वर्षासाठी राखून ठेवली होती ती नवव्या-दहाव्या वर्षीच कामी आली, आणि तीही योजलेल्या रीतीने नाही.

गुजरात-काठेवाडात ज्याला छप्पनिया म्हणतात तो 1899-1900 चा दुष्काळ पडला, तेव्हा मुक्तीतली संख्या दोन हजारांच्या घरात गेली. त्या वर्षीच्या विहिरींची गोष्ट रमाबाईंच्या जवळच्या मंडळींनी लिहून ठेवली आहे. दिवसभर उपसा होऊन संध्याकाळी विहिरी तळ गाठत, आणि सकाळी त्या दिवसापुरते पाणी पुन्हा साचलेले असे. भाविक याला कृपा म्हणतील. ज्याने विहीर खणली आहे तो म्हणेल की झरा जिवंत होता, रात्रीत पाझर भरला. मला यात भांडण दिसत नाही; खडक फोडून झऱ्यापर्यंत गेल्यावाचून कृपेलाही वर यायला वाट नसते. लक्षात घेण्याजोगी गोष्ट एवढीच की साठा कधीच झाला नाही. परवाचे पाणी कोणत्याही रात्री विहिरीत नव्हते.

इथे माझ्या घरातली एक आठवण सांगण्याचा मोह आवरत नाही. आमची आजी माळकरी होती. 1972 च्या दुष्काळात घरात रेशनचा तांबडा मिलो यायचा. त्याची भाकरी धड थापली जात नसे, तव्यावर तुटत असे. वडील खडी फोडायला जात. दळण काढताना आजी सुपातली पहिली मूठ बाजूच्या डब्यात टाकायची. ती मूठ आषाढीला पंढरीच्या वाटेवरल्या दिंडीसाठी. ‘आपल्यालाच पुरत नाही, वारकऱ्यांना काय देतेस?’ असे आई एकदा वैतागून म्हणाली. आजी म्हणाली, ‘अगं, शेवटची मूठ काढायची म्हटलं तर ती कधीच निघत नाही. म्हणून पहिली काढते.’ तुकोबांची पालखी ज्या सोलापूर रस्त्याने यवत, वरवंड करत जाते, त्याच रस्त्याला चौफुल्यावरून केडगावचा फाटा फुटतो. आजीला रमाबाईंचे नाव ठाऊक नव्हते आणि रमाबाईंना माळकऱ्यांची भक्ती मान्य झाली असती असेही नाही. पण पहिल्या मुठीचा हिशोब दोघींचा एकच होता, असे मला वाटत आले आहे.

आज आपल्यापुढची अनिश्चितता वेगळ्या कपड्यांत येते. स्पर्धा परीक्षेच्या निकालासाठी चार चार वर्षे खोलीत बसलेला मुलगा, कंपनीतून एका दुपारी घरी पाठवलेला इंजिनिअर, कांद्याचा भाव पाहून ट्रॅक्टर माघारी वळवणारा शेतकरी, यांना ‘देवावर भरवसा ठेवा’ असे नुसते सांगणे मला धारिष्ट्याचे वाटते, कारण बहुतेक वेळा त्याचा अर्थ ‘गप्प राहा’ असा होतो. केडगावला गप्प कोणी बसले नव्हते. तिथे मुली विणकाम करत, तेलाची घाणी चालवत, खिळे जुळवून छापखाना चालवत. अंध स्त्रियांसाठी बर्तीमी सदन होते, वृद्ध आणि पंगूंसाठी प्रीती सदन, फसवल्या गेलेल्यांसाठी कृपा सदन. प्रार्थना पहाटे होत असे आणि पहाटेनंतर दिवस उरत असे. पैशाची अडचण तर सदाचीच होती. देव सगळे सुरळीत करील असे त्यांना वाटत होते, असे समजणे मात्र चूक ठरेल. सुरळीत काही झालेच नाही. दुष्काळातून आणलेल्यांपैकी कित्येक मुली वाचल्या नाहीत, टीका थांबली नाही, आणि सर्वांत मोठा घाव तर शेवटी बसायचा होता.

आपल्या मागे मुक्तीचा भार मनोरमेने सांभाळावा, हे रमाबाईंच्या आयुष्यातले एकमेव असे नियोजन होते ज्यात सगळे जमून आले होते. मुलगी शिकलेली, कामात मुरलेली, स्वभावाने शांत. 24 जुलै 1921 रोजी मनोरमा गेली. आई त्या वेळी त्रेसष्ट वर्षांची होती, कानांनी अधू झालेली. कडेवर घेऊन ज्या मुलीला त्या पुण्यात आल्या होत्या तिच्या मागे त्यांना राहावे लागले.

टेबलावर त्या वेळी एक काम अपुरे होते. मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून संपूर्ण बायबल साध्या, बायकांना आणि खेडुतांना कळेल अशा मराठीत आणण्याचे काम त्यांनी सुमारे अठरा वर्षे चालवले होते, आणि त्यासाठी या दोन्ही भाषा उतारवयात शिकून घेतल्या होत्या. खिळे जुळवणाऱ्या बहुतेक मुली त्या दुष्काळांतूनच आलेल्या. मनोरमेनंतर रमाबाई पुन्हा मुद्रितांकडे वळल्या. आजारपणात, अंथरुणाशेजारी कागद ठेवून, शेवटची मुद्रिते त्यांनी तपासून पूर्ण केली आणि 5 एप्रिल 1922 रोजी पहाटे त्या गेल्या. छापून बांधलेला ग्रंथ त्यांनी पाहिला नाही. तो 1924 मध्ये केडगावच्या छापखान्यातून बाहेर पडला.

नमस्कार.