आवाज काढल्यावर उरलेलं गाणं

[दृश्य: रात्र. रंगमंचासमोर बसलेले वादक. ऑर्गन, तबला, ढोलकी, ऑक्टोपॅड.]

भाऊबीज झाली की झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भातल्या आपल्या धानाच्या भागात, नाटकं लागतात. कुठे मंडई म्हणजे गावची जत्रा, कुठे शंकरपट म्हणजे बैलांची शर्यत, आणि रात्रभर नाटक. होळीच्या सुमाराला हंगाम उतरतो. वडसा, म्हणजे देसाईगंज, हे या नाटक कंपन्यांचं मोठं ठाणं. २०२३ साली इथले नाट्यकलावंत परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा बाहेरच्या कितीतरी लोकांना ही रंगभूमी पहिल्यांदा कळली. मंचासमोर बसून अख्खी रात्र जागवणारे वादक मात्र अजूनही हंगामावरच जगतात. पाऊस आला की ढोलकीवाला धानाच्या रोवणीला जातो.

[दृश्य: दिवस. एका खोलीतला स्टुडिओ. कॉम्प्युटरवर गाण्याचे ट्रॅक.]

हेच वादक आता अशा छोट्या स्टुडिओंमध्येही वाजवतात. हळदीची गाणी, भीमगीतं, भजनं, झाडीबोलीतली गाणी इथे रेकॉर्ड होतात. सगळे ट्रॅक एकत्र बसवून मिक्स झालं, गायकाला फाइल गेली, हिशेब मिटला. आणि एक कमाई, गायकाचा आवाज काढून उरणारं संगीत, तशीच हार्ड डिस्कमध्ये पडून राहिली.

गायकाचा ट्रॅक बंद करा. मागे राहिलेलं संगीत मागणारे गावातच आहेत. शाळेचं गॅदरिंग आलं की फोन येतो, "दादा, ह्या गाण्याचा ट्रॅक भेटन का जी?" गणपतीत, लग्नाच्या संगीतात गाणाऱ्यांना तोच हवा असतो. दुसरं गिऱ्हाईक व्हिडिओवाल्यांचं. पडद्यावर कुणी बोलत असताना मागे शब्दांचं गाणं लावलं, तर दोन्ही ऐकू येत नाहीत. म्हणून शेतीची माहिती देणारे चॅनेल, लघुपट, दुकानाच्या जाहिराती बिनशब्दांचं संगीत शोधत असतात. ऐकण्याच्या अ‍ॅपवर टाकूनही पैसे येतात, पण तिथे एका ऐकण्यामागे फारच थोडे मिळतात. त्यावर घर चालेल असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

[दृश्य: मिक्सरवर आवाज कमी-जास्त करणाऱ्या फेडरवरचा हात.]

आवाज काढून ट्रॅक वेगळा करायचं हे काम मिक्स संपलं त्याच दिवशी करायचं. सहा महिन्यांनी कॉम्प्युटर बदललेला असतो, प्लगइन, म्हणजे आवाजावर काम करणारं जोड-सॉफ्टवेअर, सापडत नाही, प्रोजेक्ट उघडतच नाही. त्या संध्याकाळी मात्र जास्तीची काही मिनिटं लागतात. आवाज बंद केला तरी त्याचा एको मागे राहिला नाही ना, हे बघावं. कॉम्प्रेसर, म्हणजे मोठा आवाज आपोआप दाबणारं साधन, आधी गायकाच्या आवाजामुळे बाकीचंही दाबत होता. आवाज गेला की ढोलकी एकदम पुढे येते, तेव्हा पातळ्या पुन्हा कानाने लावाव्या लागतात. कडव्यात फारच रिकामं वाटलं तर तिथे बासरी किंवा हार्मोनियमवर चाल वाजवून घ्यावी. गाणाऱ्यासाठी वेगळी प्रत, त्यात ही बासरी नको. फाइल दर्जा न घटवणाऱ्या वेव्ह प्रकारातच, २४ बिटची ठेवावी आणि नावात पट्टी नि लय लिहावी.

[दृश्य: टेबलावर कागद, चहा.]

आता हक्काचं. शब्द काढले तरी चाल राहते, आणि चालीवर तिच्या संगीतकाराचा हक्क असतो. सिनेमातल्या चालीवर बसवलेलं भजन असेल, तर त्याचा ट्रॅक परवानगीशिवाय विकता येत नाही. आपल्या भागात राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची भजनं घरोघरी आहेत, म्हणून हे मुद्दाम सांगतो: महाराजांचं निर्वाण १९६८ चं, आणि लेखनावरचा हक्क लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. त्या हिशेबाने तो २०२८ च्या अखेरीपर्यंत आहे.

१९५७ च्या कॉपीराइट कायद्यात ध्वनिमुद्रणाचा मालक साधारणपणे त्याचा निर्माता, म्हणजे ज्याने ते घडवून आणलं तो. पण २०१२ च्या दुरुस्तीमुळे गीतकार आणि संगीतकाराचा रॉयल्टीतला वाटा निर्मात्याला सही करूनही देता येत नाही. ही रॉयल्टी गोळा करणारी आयपीआरएस ही संस्था १९६९ पासून आहे. चाल तुमची असेल तर तिचं सभासदत्व घ्या. बिनशब्दांचं संगीत हे वेगळं ध्वनिमुद्रण, त्यामुळे त्याला आयएसआरसी, म्हणजे ध्वनिमुद्रणाची ओळख पटवणारा १२ अक्षर-अंकांचा क्रमांकही वेगळा लागतो.

नेटवरून घेतलेला तयार लूप, म्हणजे पुन्हापुन्हा वाजणारा संगीताचा तुकडा, वापरला असेल, तर त्याच्या अटी आधी वाचा. गाण्यात चालणारा लूप नुसत्या ट्रॅकमध्ये पुष्कळदा चालत नाही. यूट्यूबच्या कंटेंट आयडीत, म्हणजे कुणाचं संगीत कुठे वापरलं ते आपोआप ओळखणाऱ्या यंत्रणेतही घाई नको: तिथे ट्रॅक नोंदवला, की ज्याला तुम्ही तो विकला त्याच्याच व्हिडिओवर तुमच्या नावाने दावा लागतो.

[दृश्य: ढोलकीवर पडणारे हात.]

आणि वादक. त्याला त्या दिवसाचे पैसे मिळाले, ते गाण्याचे. ट्रॅक विकला जातो तो त्याच्या हातांमुळे, मग त्यात त्याचा वाटा असलाच पाहिजे, असं मला ठामपणे वाटतं. रेकॉर्डिंगच्या आधीच एका कागदावर लिहा: गाणं कोणाचं, ट्रॅक विकला तर कोणाला किती, पैसे कधी देणार. मराठीत लिहा. सही घेण्याआधी त्याला वाचून दाखवा, आणि एक प्रत त्याच्याकडे ठेवा.