होडीतून आलेले तिघे आणि लिंकनचा जाहीरनामा

मित्रहो,

जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना नजर केलं, हे आपल्यापैकी बहुतेकांना ठाऊक आहे. गुलामांना मोकळं करण्यासाठी तिथल्या लोकांनी जो त्याग केला, तो आपल्या देशबांधवांनीही गिरवावा अशी त्यांची इच्छा होती. संघराज्यातून फुटलेली दक्षिणेची राज्यं आणि उत्तर यांच्यात झालेल्या त्या अमेरिकन यादवी युद्धाशी आपल्या मुलखाचा आणखी एक संबंध आला, तो पैशाचा. उत्तरेच्या आरमारानं दक्षिणेची बंदरं अडवली, इंग्लंडातल्या लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना, आणि वऱ्हाड-खानदेशच्या कापसाचे भाव भडकले. मुंबईत शेअरांचं वेड लागलं, आणि १८६५ साली युद्ध संपताच तो सगळा डोलारा कोसळला. पण आज मला कापसाबद्दल नाही, तो कापूस तिकडे वेचणाऱ्या माणसांबद्दल बोलायचं आहे. ते सदाचारी लोक म्हणजे कोण, असं विचारलं तर आपल्या डोळ्यांपुढे अब्राहम लिंकन येतो. माझं म्हणणं असं की त्या यादीत गुलामांची स्वतःची नावं पहिल्या ओळीत यायला हवीत.

युद्ध सुरू झालं तेव्हा अमेरिकेत सुमारे चाळीस लाख माणसं गुलाम होती. त्यांना सोडवण्यासाठी उत्तरेनं शस्त्र उचललं, ही समजूत चुकीची आहे. मार्च १८६१ मध्ये सूत्रं हाती घेताना लिंकननं स्पष्ट सांगितलं होतं की जिथे गुलामगिरी आहे तिथे तिला हात लावायचा माझा इरादा नाही. जुलैमध्ये काँग्रेसनं, म्हणजे तिथल्या संसदेनं, ठरावही केला की हे युद्ध संघराज्य टिकवण्यासाठी आहे, राज्यांच्या व्यवस्था मोडण्यासाठी नाही.

त्याच्या आधीच, २३ मे १८६१ च्या रात्री, दक्षिणेतल्या व्हर्जिनिया राज्याच्या किनाऱ्यावर एक गोष्ट घडून गेली होती. फ्रँक बेकर, शेपर्ड मॅलरी आणि जेम्स टाऊनसेंड हे तीन गुलाम एका होडीत बसले आणि वल्ही मारत समोरच्या मन्रो किल्ल्यावर गेले. किल्ला उत्तरेच्या ताब्यात होता. मालकानं या तिघांना दक्षिणेच्या सैन्यासाठी तोफांचा मोर्चा बांधायच्या कामाला जुंपलं होतं, आणि पुढे बायकामुलांपासून तोडून दूर कॅरोलायनात धाडायचा त्याचा बेत होता. किल्ल्यावर आसरा मिळेल याची कसलीही खात्री नव्हती. पळालेला गुलाम मालकाच्या हवाली करावा, असा १८५० चा कायदा तोवर जिवंत होता. परत पाठवलं असतं तर पाठीची सालटी निघाली असती.

किल्ल्याचा सेनापती बेंजामिन बटलर हा पेशानं वकील. गुलामांचा कैवारी म्हणून त्याची ख्याती मुळीच नव्हती. दुसऱ्या दिवशी मालकाच्या वतीनं मेजर कॅरी पांढरं निशाण घेऊन आला आणि म्हणाला, कायद्याप्रमाणे आमची माणसं परत करा. बटलरनं विचार केला तो असा: हीच माणसं काल आपल्यावर रोखायच्या तोफांसाठी माती उपसत होती. त्यानं उत्तर दिलं की व्हर्जिनिया आता परका देश झाला असं तुम्हीच म्हणता; मग आमच्या देशाचा कायदा तुम्हाला कशाला हवा? या तिघांचा मालक असलेल्या तुमच्या कर्नलनं इथे येऊन संघराज्याशी निष्ठेची शपथ घ्यावी, मग बघू. शत्रूच्या लढाईला उपयोगी पडणारी मालमत्ता जप्त करता येते, या आधारावर त्यानं तिघांना ठेवून घेतलं. माणसाला मालमत्ता मानूनच दिलेला हा आसरा होता, हे विसरू नये. पण बातमी फुटली. काही दिवसांतच म्हातारीकोतारी, लेकुरवाळ्या बाया, अख्खी कुटुंबं किल्ल्याकडे येऊ लागली. लढाईच्या कामी न लावलेल्या या बाळांचं काय करायचं, असा प्रश्न बटलरला वॉशिंग्टनला लिहून विचारावा लागला.

पुढचे कायदे या प्रश्नाच्या उत्तरादाखल आले. ऑगस्ट १८६१ मध्ये, लढाईच्या कामाला लावलेल्या गुलामांवरचा मालकाचा हक्क गेला. मार्च १८६२ मध्ये, पळून आलेल्यांना परत करण्याची सैन्यातल्या अधिकाऱ्यांना बंदी झाली. एप्रिलमध्ये राजधानी वॉशिंग्टनमधली गुलामगिरी संपली, आणि तिथे भरपाई कुणाला मिळाली? मालकांना, एका गुलामामागे ३०० डॉलरपर्यंत. ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या फुकट राबणूक केली त्यांच्यासाठी तरतूद होती ती फक्त देश सोडून जायला तयार असणाऱ्यांना, फार तर १०० डॉलरची. हे वाचताना आजही संताप येतो.

जुलै १८६२ मध्ये लिंकननं मुक्तीचा मसुदा मंत्रिमंडळाला वाचून दाखवला. परराष्ट्रमंत्री सीवर्डनं सुचवलं की एखादा विजय पदरात पडू द्या, नाहीतर ही हतबलतेची किंकाळी वाटेल. सप्टेंबरमध्ये अँटिएटमची लढाई झाली आणि पाच दिवसांनी पूर्वसूचना निघाली. १ जानेवारी १८६३ रोजी अंतिम जाहीरनामा आला. त्यातून निष्ठावान राहिलेली डेलावेअर, मेरीलँड, केंटकी आणि मिसूरी ही गुलाम-राज्यं वगळलेली होती, टेनेसी वगळलेलं होतं, लुइझियानाचा काही भागही वगळलेला होता. म्हणून काही जण म्हणतात की जिथे सत्ता होती तिथे लिंकननं कुणाला सोडवलं नाही. मला हे म्हणणं उथळ वाटतं. त्या दिवसापासून उत्तरेची फौज दक्षिणेत जितकी आत शिरेल तितका मुलूख गुलामांसाठी मोकळा होत गेला, आणि काळ्या माणसांना सैन्याची दारं उघडली. सुमारे १ लाख ८० हजार काळे सैनिक लढले, आणि त्यांतले बहुसंख्य कालचे गुलाम होते. पगार मात्र महिना १० डॉलर, त्यातून ३ डॉलर कपड्यांचे कापलेले. गोऱ्या शिपायाला १३. मॅसॅच्युसेट्सच्या ५४ व्या पलटणीनं महिनोन्‌महिने तो कमी पगार हातातच घेतला नाही. घरी बायकामुलं हलाखीत असताना घेतला नाही. जून १८६४ मध्ये काँग्रेसला पगार सारखा करावा लागला.

तेरावी घटनादुरुस्ती प्रतिनिधिगृहात ३१ जानेवारी १८६५ ला ११९ विरुद्ध ५६ मतांनी मंजूर झाली आणि डिसेंबरात अमलात आली. केंटकी आणि डेलावेअरमधली गुलामगिरी तेव्हा कुठे सुटली. त्या दुरुस्तीत एक पळवाट राहिली: गुन्ह्याची शिक्षा म्हणून सक्तमजुरी चालेल. त्याच सुमारास मिसिसिपीनं काम नसलेल्या काळ्या माणसाला भटक्या ठरवून दंड करणारा कायदा केला. दंड भरता आला नाही तर त्याला मजुरीवर देऊन टाकायचं.

म्हणून मला १२ जानेवारी १८६५ ची सव्हाना शहरातली बैठक फार मोलाची वाटते. सेनापती शर्मन आणि युद्धमंत्री स्टँटन यांनी वीस काळ्या धर्मोपदेशकांना बोलावून विचारलं, तुम्हाला काय हवं? गॅरिसन फ्रेझियर सर्वांच्या वतीनं बोलले. वय ६७, आठ वर्षांपूर्वी सोन्याचांदीत १००० डॉलर मोजून त्यांनी स्वतःला आणि बायकोला विकत घेतलं होतं. ते म्हणाले, दुसऱ्याचं श्रम त्याच्या संमतीवाचून बळानं घेणं म्हणजे गुलामगिरी. आम्हाला जमीन द्या, ती आम्ही आमच्या कष्टानं कसू. चारच दिवसांत शर्मननं किनारपट्टीची जमीन चाळीस-चाळीस एकरांनी वाटायचा हुकूम काढला.

लिंकनच्या खुनानंतर आलेल्या अध्यक्ष जॉन्सननं तो हुकूम फिरवला. ऑक्टोबर १८६५ मध्ये सेनापती हॉवर्ड त्याच किनारपट्टीवरच्या एडिस्टो बेटावर गेला आणि लोकांना सांगू लागला की जमिनी जुन्या मालकांना परत करा, त्यांना क्षमा करा. बेटावरच्या तिघांच्या समितीनं त्याला लेखी उत्तर धाडलं. त्याचा आशय असा: युद्धात तुमचा उजवा हात गेला, तुम्ही कदाचित क्षमा कराल. पण ज्यानं मला झाडाला बांधून ३९ फटके मारले, माझ्या आईला आणि बहिणीला उघडं करून झोडपलं, जो स्वतःची रिकामी झोपडीसुद्धा मला त्याच्या शेतावर त्याच्याच दरानं राबल्याशिवाय देत नाही, त्याला मी क्षमा करू शकत नाही. आणि मला जमीन मिळू नये म्हणून तो इतरांशी संगनमत करतो, कारण माझी स्वतःची जमीन असती तर मी त्याच्या दारात पाऊल ठेवलं नसतं, हे त्याला पक्कं ठाऊक आहे.